दुसरा येईपर्यंत थांबावे

सोमवार, ३ नोव्हेंबर

ऑफिसात असताना काकूंचा, मास्तरांच्या बायकोचा, फोन आला. मास्तर सकाळी गेले. मी "बरं" म्हणाले. मग वाटलं, हे चुकलं, म्हणून "बरं, काकू" म्हणाले.

त्या म्हणाल्या, "हृदय. चहा गाळत होता. आत्ता येऊ नकोस, घरात पाय ठेवायला जागा नाही. उद्या ये थेट." आणि कुठे, किती वाजता ते सांगितलं. मी ते लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर अर्धवट राहिलेली चाचणी पूर्ण केली. एका फॉर्ममध्ये जन्मतारीख म्हणून उद्याची तारीख टाकली तर काय होतं, ते बघायचं होतं. फॉर्म ती मुकाट्याने घेतो. तशी तक्रार नोंदवली.

जेवताना बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतात तुझे मास्तर?" मी "बरे आहेत" म्हणाले. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. रोजचं उत्तर रोजच्यासारखं बाहेर आलं. ते परत घ्यायला हवं होतं, पण तोवर बाबा कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टविषयी बोलायला लागले होते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कारण दात सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "कुठला?" मी म्हणाले, "डावीकडचा, मागचा." ती म्हणाली, "अक्कलदाढ असेल. काढून टाक, काही अडत नाही."

तिथे शेवटच्या रांगेत उभी राहिले. काकू सोडून ओळखीचं कुणी नव्हतं. मास्तरांच्या पाणीपुरवठा खात्यातले बरेच लोक होते. एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "कॉम्प्युटरचं काहीतरी करायचा रिकाम्या वेळात. छंद होता बिचाऱ्याला." मला त्यांना सांगावंसं वाटलं की त्या छंदावर जगातली किती कार्यालयं चालतात ते आम्हालाही मोजता आलेलं नाही. सांगितलं नाही. परत ऑफिसला गेले. दात कसा आहे विचारल्यावर "सुन्न आहे" म्हणाले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डोकं जागेवर ठेवायला सगळं नीट लिहून काढते, जणू कुणी नवीन माणूस आलाय आणि त्याला समजावून द्यायचंय.

आमच्या पॅकेजचं नाव चाळणी. लोकांनी हातांनी भरलेल्या याद्या त्यात घालायच्या. ती दुबार ओळी, रिकाम्या ओळी, उलटसुलट तारखा काढून टाकते आणि स्वच्छ यादी देते. एवढंच. शाळा, दवाखाने, वाचनालयं, गोदामं वापरतात. फुकट आहे, आणि आतलं सगळं उघडं आहे: कुणीही वाचावं, कुणीही चूक दाखवावी. कॉलेजात असताना मला अशा गोष्टी असतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आठवडाभर मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. बाबा म्हणाले होते, "फुकट ते पौष्टिक." आई म्हणाली होती, "पण मग पोटाचं काय?" पोटासाठी ऑफिस आहे.

मास्तरांनी चाळणी लिहायला घेतली तेव्हा मी शाळेत होते. ते मास्तर नव्हते, पण मी पाठवलेल्या पहिल्या दुरुस्तीवर त्यांनी माझ्या दुरुस्तीहून लांब उत्तर लिहिलं होतं, तेव्हापासून मी मास्तर म्हणते. मग सगळेच म्हणायला लागले. दोघं एकाच शहरात राहतो हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नवी आवृत्ती आम्ही हाताने सोडतो. बाकीच्या प्रकल्पांत यंत्र सोडतं. बटण दाबलं की झालं. मास्तर म्हणायचे, "यंत्राला लाज नसते. माणसाला असते, म्हणून माणूस बघून सोडतो." पद्धत अशी: मी माझ्या यंत्रावर पॅकेज बांधायचं, त्यांनी त्यांच्या. दोन्हींतून आकडे-अक्षरांची एक लांब ओळ निघते, तिला आम्ही ठसा म्हणतो. पॅकेजमध्ये कुणी एक टिंब जरी बदललं तरी ठसा सगळाच बदलतो. मग फोनवर एकाने ठसा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने ऐकत आपल्याशी ताडून बघायचा. जुळला की दोघांनी आपापल्या चावीने सही करायची. चावी म्हणजे खरी चावी नव्हे, प्रत्येकाची गुप्त अशी एक फाइल असते. त्यानंतरच अपलोड. एकदा सोडलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. सुटला तो सुटला.

मागची आवृत्ती, ३.२, सोडताना आम्ही हे सगळं केलं होतं. तरी चूक राहिली. ज्या ओळीत आडनावाचा रकाना रिकामा असतो ती ओळ ३.२ कचरा समजून टाकून देते. काही न बोलता. ज्यांना एकच नाव आहे असे लोक यादीतून नाहीसे होतात.

दुरुस्ती तयार आहे. मास्तरांनीच लिहिली, गेल्या महिन्याच्या शेवटी. ३.३ सोडायची आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रात्रनिवारा चालवणाऱ्या बाईंचा पुन्हा संदेश. त्या दुसऱ्या शहरात आहेत. बेघर लोक दुपारी त्यांच्या खिडकीशी नाव सांगतात, संध्याकाळी यादी चाळणीतून जाते, आणि दारावरचा माणूस यादी बघून आत घेतो. त्यांच्याकडे एकच नाव सांगणारे पुष्कळ. आडनाव विचारलं की म्हणतात, ते घरी राहिलं. सध्या बाई प्रत्येक एकट्या नावापुढे टिंब देतात, म्हणजे रकाना रिकामा राहत नाही. "पण थंडी सुरू झाली आहे आणि खिडकीवर रोज वेगळा स्वयंसेवक असतो. दर वेळी टिंबाचं सांगायचं राहतं. ३.३ कधी?"

जुन्या आवृत्तीवर त्यांना परतता येत नाही. त्यांचं बाकीचं सगळं नवीवर बसवलेलं आहे.

मी लिहिलं, "लवकरच. दुसऱ्या तपासनीसांची सही राहिली आहे."

वाक्य बरोबर आहे. सही राहिलीच आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आमच्या नियमांची फाइल उघडली. दोघांनी मिळून लिहिली होती, एका रविवारी, वाद घालत. "दोन सह्यांशिवाय आवृत्ती सोडू नये. सही करणाऱ्यांच्या यादीत नाव घालायला किंवा काढायला दोन सह्या लागतील." आणि शेवटी: "एक जण उपलब्ध नसल्यास दुसरा येईपर्यंत थांबावे."

हे वाक्य माझं आहे. मास्तर त्या वर्षी काकूंबरोबर डोंगरात जाणार होते, तिथे फोन लागत नव्हता. तेवढंच डोक्यात होतं.

म्हणजे नवा दुसरा माणूस यादीत घ्यायचा तर आधी दोन सह्या हव्यात. कुठून बघितलं तरी भिंत. तासभर बघत बसले. नियम तसा कुठल्या यंत्राने अडवलेला नाही, अपलोड मलाही करता येतं. पण नियम हा आम्ही जगाला दिलेला शब्द आहे. लोकांनी चाळणीवर विश्वास का ठेवायचा, तर त्या शब्दामुळे.

आईने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसलं एवढं वाचतेस?"

"नियम."

"ऑफिसचे?"

"आमचेच."

"मग एवढं काय वाचायचं, तूच केलेत ना?" ती लॉन्ड्रीत इस्त्री करते. घरी इस्त्रीला हात लावत नाही, आमचे सगळ्यांचे कपडे चुरगळलेले असतात. बाबा म्हणतात, "सुताराच्या घरी खुर्ची मोडकी." एकच कडक गोष्ट आहे घरात, माझ्या पदवीचा कागद. बाबांच्या जुन्या लिफ्ट-दुरुस्तीच्या परवान्याची चौकट रिकामी करून त्यात बसवलाय. परवाना कुठे गेला कुणास ठाऊक.

बाबा म्हणाले, "मास्तरांना एकदा जेवायला बोलाव. इतकी वर्षं नुसतं मास्तर, मास्तर. बघू तरी कसे दिसतात."

"बघू," मी म्हणाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

घुबडाचा संदेश. घुबड म्हणजे आमच्यात सगळ्यांत जास्त काम करणारा मुलगा, किंवा माणूस. आम्ही झोपतो तेव्हा तो जागा असतो, एवढंच त्याच्याविषयी माहीत आहे. आवाजही कधी ऐकलेला नाही.

"मास्तर कुठे आहेत? कुणालाच उत्तर देत नाहीत."

मी लिहिलं, "सध्या उपलब्ध नाहीत."

"आजारी?"

"नाही."

हेही बरोबरच आहे.

"मग तुझं भांडण झालंय का त्यांच्याशी? आम्हाला सांगू नकोस, पण मिटव. लोक खोळंबलेत."

मी "प्रयत्न करते" असं लिहिलं. मग त्याच्या दोन दुरुस्त्या तपासल्या. एकीत चूक सापडली. सविस्तर समजावून दिली. त्याने लिहिलं, "हे अगदी मास्तरांसारखं झालं." संगणक बंद केला आणि आईने चिरायला ठेवलेली भाजी चिरली, सगळी, उद्याचीसुद्धा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रात्रनिवाऱ्याच्या बाई. आज "नमस्कार" नाही, काही नाही.

"काल खिडकीवर नवी मुलगी होती. टिंब दिलं नाही. एक म्हातारा यादीत आला नाही. दारावरचा माणूस यादी बघतो, माणूस बघत नाही. आत जागा होती. म्हातारा रात्रभर समोरच्या बस थांब्यावर बसला. आज दवाखान्यात आहे, छातीत कफ झालाय, डॉक्टर काही बोलत नाहीत. तुम्हाला दोष देत नाही. दोष आमच्या दाराचा आहे. पण तुमचे दुसरे तपासनीस कधी येणार, तेवढं कळवा."

दुपारभर ऑफिसचं काम केलं. चांगलं झालं काम. साहेब म्हणाले, "तू आजकाल फार शांत झालीस, छान आहे."

संध्याकाळी घुबड: "तू त्या बाईचं वाचलंस का? एक सांगतो, रागावू नकोस. मास्तर तुझ्याच शहरात आहेत ना? घरी जा. त्यांचं यंत्र, त्यांची चावी. ते नसले तरी चालेल, घरचे उघडून देतील. दोन सह्या होतील, नियम राहील, कुणाला काय कळणार?"

नियम राहील. मला हे का सुचलं नव्हतं?

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रविवारी ये. सोमवारपासून माझी ड्यूटी सुरू होतेय."

रविवार, १६ नोव्हेंबर

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांचं टेबल झोपायच्या खोलीत खिडकीशी आहे. मी यापूर्वी एकदाच आत आले होते. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता, तो काकूंनी उचलून मांडीवर घेतला आणि पूर्ण वेळ तिथेच ठेवला.

काकू दवाखान्यात नर्स आहेत, पुरुषांच्या वॉर्डात. उंच आहेत आणि कुणी ऐकत नसल्यासारखं मोठ्याने बोलतात.

"चहा?"

"नको, काकू."

"मी करणारच आहे. मग 'नको' म्हणून काय मिळवलंस?"

जेवणाच्या टेबलावर मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतींचा गठ्ठा होता. मी दुसरीकडे बघितलं. पडदे धुतलेले होते.

यंत्राचा पासवर्ड त्यांना माहीत होता. "लपवलं नाही कधी त्याने. लपवण्यासारखं होतं काय, सगळा संसार जगाला उघडा. मी म्हणायचे, बाबा रे, कपाट तरी बंद करत जा." त्यांनी पासवर्ड टाकला. मास्तरांच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली आहेत, पण काकूंना शोधावी लागली नाहीत.

मी ३.३ त्यांच्या यंत्रावर बांधली. मिनिटभरात झाली. माझा लॅपटॉप शेजारी उघडला. म्हणाले, "आता तुम्ही हे वाचा, मी माझ्याकडे ताडून बघते. चार-चार अक्षरं. मध्ये थांबायचं."

"आमच्याकडे रक्ताची पिशवी लावताना असंच असतं. दोघी लागतात. एकीने पिशवीवरचं वाचायचं, एकीने पेशंटच्या मनगटावरचं." त्यांनी चष्मा लावला आणि वॉर्डात वाचावं तसं वाचलं. एकदा ओळ चुकली, पुन्हा सुरुवातीपासून घेतली. मास्तर हळू वाचायचे, प्रत्येक चौकडीनंतर "हं?" म्हणायचे. काकू म्हणाल्या नाहीत. मी दर वेळी त्या "हं?"साठी थांबत होते, आणि काकू म्हणायच्या, "ऐकू आलं ना? पुढे जाऊ?"

ठसा जुळला.

मी मास्तरांच्या यंत्रावर सहीची आज्ञा लिहिली. यंत्राने चावीचा पासवर्ड मागितला. मी कीबोर्ड काकूंकडे सरकवला. त्यांनी बोटं ठेवली आणि थांबल्या.

"ही सही कुणाची होणार?"

"मास्तरांची."

"आजच्या तारखेची?"

"हो."

त्यांनी हात काढून घेतले. मग म्हणाल्या, "आणि मी केली तर? वाचलं तर मीच."

"तुम्ही यादीत नाही, काकू."

"तो आहे?"

"आहे."

"काढून टाक ना मग."

मी त्यांना नियम समजावून सांगितला. नाव काढायलाही दोन सह्या लागतात हे सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आमच्या साहेबांपेक्षा नीट.

"मागची जी चुकली, तिच्यावर किती सह्या होत्या?"

"दोन."

"हं." त्यांनी टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. "हे बघ. मी दोन आठवडे त्याचं नाव काढत फिरतेय. वीज, बँक, फोन, पेन्शन, वाचनालय. दर खिडकीवर तेच वाक्य बोलावं लागतं. पहिल्या खिडकीवर मला जमलंच नाही, शेजारीण बोलली. आता येतं. वाचनालयातल्या पोराने तर विचारलं, त्यांच्याकडे एक पुस्तक आहे, ते स्वतः कधी आणून देतील? त्यालाही सांगितलं. आणि तू इथे बसून त्याच्याकडून सही करून घेणार?"

"लोक अडलेत, काकू. एक म्हातारा—"

"मग सोड ना! सोडू नको म्हणतंय कोण? एकटीने सोड."

"एकटीने सोडली तर कारण लिहावं लागेल."

"लिही."

मी माझा लॅपटॉप मिटला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, तापमापक बघतात तसं.

"तू त्यांना सांगितलंच नाहीस."

"नाही."

"कुणालाच?"

"उपलब्ध नाहीत असं सांगितलंय."

"आणि घरी?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता ओरडतील. त्या उठल्या आणि चहाचे कप उचलले. माझा भरलेलाच होता.

"मी नाही सांगणार तुझ्यावतीने," आतून म्हणाल्या. "मला माझ्या खिडक्या पुष्कळ आहेत. ही तुझी."

निघताना दारात म्हणाल्या, "जेवून जा" आणि लगेच, "नको, जा. काही केलेलं नाही." बसमध्ये माझा थांबा येऊन गेला. पुढच्याला उतरले आणि चालत मागे आले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ऑफिस. जन्मतारखेचा फॉर्म दुरुस्त होऊन आला. आता उद्याची तारीख घेत नाही.

म्हातारा अजून दवाखान्यात. बाईंनी सगळ्या स्वयंसेवकांसाठी खिडकीवर कागद चिकटवलाय: टिंब द्या.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लिहायला बसले.

"मास्तर आता आपल्यात नाहीत." पुसलं. भिंतीवरच्या फलकासारखं वाटतं.

"अत्यंत दुःखाने कळवावं लागतं की." पुसलं. मला दुःख झालेलं आहे की नाही तेच मला सांगता येत नाही. पोटात काही नाही, डोळ्यांत काही नाही. कुणीतरी मला एका बाजूला ठेवून दिल्यासारखं आहे. असं असताना "अत्यंत" लिहिणं म्हणजे खोटं.

"काही अपरिहार्य कारणामुळे." हे तर साहेब लिहितात.

बाबा डोकावून गेले. "चाळणी आली का बाजारात?"

"फुकट असते, बाबा. बाजारात नाही येत."

"तेच ते. मास्तरांना सांग, फार ताणू नका म्हणावं. लोकांना लिफ्टमध्ये अडकवून नियम वाचत बसायचं नसतं. आधी दार उघडायचं."

"सांगते," म्हणाले. तोंडाला सवय झाली आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अर्ध्या दिवसाची रजा. या वेळी कारण "वैयक्तिक" लिहिलं. शेजारची मुलगी म्हणाली, "दात?" मी म्हणाले, "नाही. माझ्या ओळखीचे एक जण गेले." तिने विचारलं, "कधी?" मी म्हणाले, "झाले थोडे दिवस." ती "अगं बाई" म्हणाली आणि मला तिच्या डब्यातलं अर्धं सफरचंद दिलं. मी ते जिन्यात खाल्लं. पहिल्या खिडकीवर जमलं, असं मनात आलं.

घरी कुणी नव्हतं. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. स्वच्छ फोल्डर. पॅकेज बांधलं. ठसा रविवारच्याशी ताडून बघितला, मोठ्याने वाचून, एकटीनेच. जुळला. माझी सही केली.

मग सही करणाऱ्यांची यादी उघडली. दोन ओळी आहेत. वरची मास्तरांची. ओळ काढली. बदल जतन करण्याआधी यंत्र दाखवतं की काय काय बदललं: काढलेली ओळ लाल रंगात, आधी वजाचं चिन्ह. एक ओळ वजा, शून्य ओळी अधिक. खात्री आहे का, असं विचारतं. हे ते दर वेळी विचारतं, टिंब काढलं तरी. मी "हो" दाबलं.

नोंद अशी लिहिली:

"चाळणी ३.३. आडनाव नसलेल्या माणसांच्या ओळी आता टाकल्या जाणार नाहीत. ही दुरुस्ती मास्तरांनी केली आहे. मास्तर ३ नोव्हेंबरला वारले. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. ही आवृत्ती मी एकटीने तपासून सोडत आहे. मास्तरांच्या यंत्रावर बांधलेल्या पॅकेजचा ठसा त्यांच्या पत्नीने मला वाचून दाखवला आणि तो जुळला, पण त्यावर दुसरी सही नाही. यादीतून त्यांचं नावही मी एकाच सहीने काढलं आहे. हे आमच्या नियमाविरुद्ध आहे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी ही आवृत्ती घेऊ नये."

एकदा वाचलं. अपलोड केलं. एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि संपली. काही आवाज झाला नाही. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

संध्याकाळी रात्रनिवाऱ्याच्या बाईंचं उत्तर आलं. "बसवली. आजची यादी पूर्ण आली, टिंबाशिवाय. म्हातारा सुधारतोय, आज नर्सशी भांडला. मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. मी काहीही विचारलं तरी ते 'चांगला प्रश्न आहे' असं लिहायचे. मला आयुष्यात कुणी तसं म्हटलं नव्हतं."

मग एक वाचनालय. मग कुणी धान्याच्या गोदामातला माणूस. मग ओळीने कितीतरी. एकाने लिहिलं होतं की मास्तरांनी त्याची चूक दाखवली म्हणून तो तीन दिवस रागावला होता आणि चौथ्या दिवशी हा धंदा शिकायचं ठरवलं. एका शाळेने नुसतं "दोन सह्या होईपर्यंत आम्ही थांबू" एवढंच लिहिलं. ते बरोबर आहे त्यांचं.

घुबड उशिरा उठला असावा. त्याने लिहिलं, "मी तुला त्यांची चावी वापर म्हणालो होतो." पुढे काही नाही. खूप वेळ त्याच्या नावापुढे तो लिहितोय असं दिसत होतं. मग तेही थांबलं. मी लिहिलं, "तुला माहीत नव्हतं." मग लिहिलं, "मी सांगितलं नव्हतं."

काकूंना फोन करून एवढंच म्हणाले, "सोडली." त्या वॉर्डात होत्या, मागे कुणीतरी घंटी वाजवत होतं. म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "बरं केलंस. ठेवते, बोलावतायत."

रात्री जेवायला बसलो. बाबांनी लगेच ओळखलं. "सुटली वाटतं! चेहऱ्यावरनं दिसतंय."

"सुटली."

"मग? मास्तर खूश?"

तोंडात "हो" आलं होतं. मी घास खाली ठेवला.

"बाबा, मास्तर गेले."

"कुठे?"

बाबांचा हात थांबला. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधी?" आईने विचारलं.

"तीन तारखेला."

"तीन तारखेला तर तू... " बाबा म्हणाले, "मी रोज विचारत होतो. रोज विचारत होतो मी, आणि तू इथेच बसून जेवत होतीस." ते रागावले नव्हते. हिशोब लागत नसल्यासारखे ते ताटाकडे बघत राहिले.

"हो," मी म्हणाले.

आई उठली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. दिवसभर इस्त्री धरून तिचे तळवे नेहमी गरम असतात. मग बाबा म्हणाले, "त्यांचं नाव काय गं होतं? आम्ही आपले मास्तर, मास्तरच करत राहिलो."

मी नाव सांगितलं. पहिलं नाव, वडिलांचं, आडनाव, सगळं. आडनावाशी माझा आवाज गेला, म्हणून ते पुन्हा सांगावं लागलं. बाबांनी ते एकदा म्हणून बघितलं. जरा चुकलं. आईने माझ्या डोक्यावरून ते बरोबर करून सांगितलं, आणि मग त्यांनी पुन्हा म्हटलं.